मी ऐकलंय

४ मार्च, सोमवार

पोहोचले एकदाची! दिवस खालीच गेला, बॅग अजून दारातच आहे, आधी वही उघडली. आज लिहून ठेवलं नाही तर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही. ज्या अल्बमची वाट पाहण्यात आम्हा चाहत्यांची अकरा वर्षं गेली, काहींची लग्नं जमून मोडलीसुद्धा, तो अल्बम जिथे रेकॉर्ड होतोय त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर मी पलंगावर मांडी घालून बसले आहे. मी! सहा वर्षं तक्रार विभागात कानाला हेडफोन लावून लोकांचे बिघडलेले फ्रिज ऐकून घेणारी.

इमारत म्हणजे एक जुनं शीतगृह. पूर्वी इथे सफरचंदांच्या पेट्या ठेवायचे. भिंती हातभर जाड आणि आतून बुचाचा थर. रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार लागलं की बाहेर ट्रक उलटला तरी आत कळणार नाही, असं बाईंनी अभिमानाने सांगितलं. बाई म्हणजे इथल्या रेकॉर्डिस्ट, मॅनेजर, आणि बल्ब गेला तर शिडीवर चढणाऱ्याही त्याच. गायक मी समजत होते त्यापेक्षा वीतभर बुटका निघाला आणि एकावर एक दोन स्वेटर घालून हिंडतो. ड्रमर संध्याकाळी पाचच्या ठोक्याला काम टाकून उठतो, कारण मुलींना पोहण्याच्या क्लासवरून आणायचं असतं. रॉकस्टार म्हणे! स्वयंपाकघर एका काकांच्या ताब्यात आहे. त्यांना अजिबात ऐकू येत नाही. गळ्यात दोरीने पॅड अडकवलेलं असतं, त्यावर लिहून बोलायचं. मी लिहिलं, चहा फर्मास झालाय. त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

सव्वा वाजता आईचा फोन. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच, त्यामुळे हा रोजचा फोन चुकत नाही. तिने चाळीस वर्षं पाचवीच्या वर्गाला गप्प बसवलंय आणि त्यात तिचा आवाज कायमचा बसलाय. जाडाभरडा, फाटका, आणि प्रत्येक वाक्याचा शेवट वर उचलायची सवय. जेवलीस का ठकू, पांघरूण जाड आहे का, खिडकीला कडी आहे का. फोन कानापासून हातभर लांब धरला तरी सगळं ऐकू येतं. मला त्या आवाजाची लहानपणी लाज वाटायची. आता तो ऐकला नाही तर दिवस सुरूच झाल्यासारखा वाटत नाही.

५ मार्च, मंगळवार

माझं काम ऐकून कोणीही म्हणेल, हिचं नशीब फळफळलं की काय! गायकाचा हट्ट असा की त्यांनी वाजवलेलं प्रत्येक गाणं सगळ्यांत आधी एका चाहत्याने ऐकायचं. खोलीत, समोर बसून, हेडफोनशिवाय. त्यासाठी कोपऱ्यात एक लाकडी खुर्ची ठेवली आहे. गाणं संपलं की श्रोत्याने साध्या शब्दांत लिहायचं, कुठे जीव अडकला, कुठे लक्ष उडालं. ते वाचल्याशिवाय बँडमधले हे चौघे स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकतसुद्धा नाहीत. एखादा जाणकार का नाही बसवत, असं मी विचारलं. गायक म्हणाला, जाणकार चुका ऐकतो, वाट पाहिलेला माणूस गाणं ऐकतो.

करारात एकच अट आहे. काय ऐकलं ते सांगायचं नाही, हे तर ओघानं आलंच; पण ऐकलंय, एवढंसुद्धा बाहेर कोणाला कळू द्यायचं नाही. मला हसू आलं. बाईंना नाही आलं. त्या म्हणाल्या, सहा वर्षं तोंड मिटून ऐकायची सवय आहे म्हणून शेकडो अर्जांतून तुझा निवडला. सही करताना मी मान डोलावली. त्यात काय एवढं?

८ मार्च, शुक्रवार

आज पहिलं गाणं झालं. ऐकताना मी रडले, आणि नाक पुसायला रुमाल नव्हता म्हणून बाहीला पुसलं, हे अकरा वर्षांनी मिळालेल्या भाग्याच्या दृष्टीने फार शोभून दिसलं नसणार. सुरुवातीला नुसता गायकाचा श्वास. मग गिटारचा एकच स्वर, पुन्हा तोच, पुन्हा तोच, आणि ड्रम येतात तेव्हा असं वाटतं की आपण इतका वेळ पाण्याखाली होतो. मी वहीत दीड पान लिहिलं. गायकाने ते उभ्याउभ्या वाचलं आणि एकदम हसला. ड्रमरने मला स्वतःच्या डब्यातला अर्धा केक दिला.

आता जे केलं ते लिहायला लाज वाटते. संध्याकाळी इंटरनेटवरचा आमचा कट्टा उघडला. गेली नऊ वर्षं मी तिथे पडीक आहे. गाण्यांची यादी कशी असेल, गायकाचा घसा गेला म्हणून उशीर होतोय की भांडण झालंय म्हणून, यावर आम्ही हाणामाऱ्या केल्या आहेत. आजही ‘शेवटचा बाक’ नावाने लिहिणारा तो शहाणा सांगत होता की अल्बम वगैरे काही नाहीच, हे लोक आपल्याला झुलवतायत. माझं डोकं फिरलं. दोन शब्द लिहिले: मी ऐकलंय. त्याने विचारलं, सुरू कसं होतं? मी लिहिलं, श्वासाने.

बस्स. तेवढंच. पाच मिनिटांत पुसूनही टाकलं. पण त्या पाच मिनिटांत मला काय गारगार वाटलं म्हणून सांगू.

११ मार्च, सोमवार

सकाळी समोरच्या फुटपाथवर तीन माणसं उभी होती. हा पत्ता कोणालाही माहीत नाही, निदान आजवर नव्हता. चाहते म्हटलं की आरडाओरडा, फलक, सह्या असं काहीतरी हवं. हे तिघे बसची वाट पाहत असल्यासारखे गप्प होते. कामाला जायच्या कपड्यांत. त्यांतल्या एका नर्सच्या गणवेशातल्या बाई गुणगुणत होत्या. मी दूध घेऊन त्यांच्या जवळून गेले आणि ओळखलं. एकच स्वर, पुन्हा तोच, पुन्हा तोच.

मला वाटलं, मीही मनात म्हणून पाहावं. तर येईना. सूरच आठवेना. माझी वही वाचली, त्यात सगळे शब्द होते, पण गाणं नव्हतं.

दुपारी बाईंनी सगळ्यांसाठी शुक्रवारचं रेकॉर्डिंग लावलं. मशीनवरचे काटे हलत होते. गायक डोळे मिटून मान हलवत होता, ड्रमर मांडीवर ठेका धरत होता. मला मशीनच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती, खुर्ची करकरत होती, कोणीतरी शिंकलं तेही आलं. गाणं तेवढं नाही. साडेचार मिनिटं मी निव्वळ शांतता ऐकली, आणि नंतर सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. वहीत लिहिलं, शुक्रवारपेक्षाही छान वाटलं. आयुष्यात इतकं धडधडीत खोटं मी लिहिलं नव्हतं.

१३ मार्च, बुधवार

काल दुसरं गाणं झालं. आज बाहेर तीसेक माणसं, आणि ती सगळी ते गाणं गुणगुणत होती. काल दुपारी तीन वाजता, बंद दारामागे, हातभर जाड भिंतींच्या आत वाजलेलं गाणं. मी कोणाला एक अक्षरही सांगितलेलं नाही. सोमवारी त्या नर्सबाईंचं तरी ऐकू आलं होतं; आता मला त्यांनी गुणगुणलेलंही ऐकू येत नाही. ओठ आणि माना तेवढ्या हलताना दिसतात. गायक गाडीतून उतरला, फाटकापाशी थबकला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला, त्यावरून मला कळलं.

त्याने दोन्ही गाणी रद्द केली. जे लोकांना आधीच पाठ आहे ते मी पहिल्यांदा कसं गाऊ, म्हणाला. अकरा वर्षांत असं चौथ्यांदा झालं म्हणे. म्हणजे उशीर घशाचाही नव्हता आणि भांडणाचाही. कट्ट्यावरच्या आमच्या सगळ्या हाणामाऱ्या फुकट गेल्या.

बाईंनी एकेकाला विचारलं. माझी पाळी आली. मी नाही म्हटलं.

१४ मार्च, गुरुवार

काकांनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि पॅडवर लिहिलं, तू सांगितलंस ना? इथे मात्र मला खोटं बोलवेना.

सहा वर्षांपूर्वी त्या खुर्चीवर काका बसत होते. त्यांनी फक्त त्यांच्या जिवलग मित्राला सांगितलं होतं, की मी ऐकलंय. त्यांचं म्हणणं असं: बाहेर हजारो लोक इतकी वर्षं कान लावून बसले आहेत. त्यांना एक कान सापडला की ते त्यात शिरतात. मग त्या कानाला जे प्रिय असेल ते तो एकदा ऐकतो आणि ते त्यांचं होतं. त्याला पुन्हा ऐकू येत नाही. नको असलेले आवाज राहतात, पण एकेक गेला की उरलेलेही लाडके होत जातात, आणि मग तेही जातात. आधी गाणी गेली. मग मुलीचं हसणं. मग पाऊस. ते बहिणीकडे चारशे किलोमीटर लांब जाऊन राहिले, तर आठवड्याभरात तिच्या दारापुढे माणसं उभी राहिली. तिच्या घाबरलेल्या पोरांकडे बघवेना म्हणून परत आले. सगळ्यात शेवटी चहा उकळल्याचा आवाज गेला. तो तेवढा राहील असं त्यांना वाटलं होतं.

पॅडचं पान उलटून त्यांनी लिहिलं, तुझं जे लाडकं असेल ते ऐकू नकोस. मी घड्याळात पाहिलं. सव्वा वाजायला चार मिनिटं होती.

मी फोनचा आवाज बंद करून ठेवला.

१६ मार्च, शनिवार

दोन दिवस फोन घेतला नाही. आईचे तेवीस मिस्ड कॉल. आज तिने बाईंच्या नंबरवर केला आणि बाईंनी, काही कल्पना नसल्यामुळे, फोन सरळ माझ्या कानाला लावला.

पहिलं वाक्य ऐकू आलं. कुठे मेली होतीस ठकू, जीव टांगणीला लागला इथे! फाटका आवाज, शेवट वर उचललेला. मला इतकं बरं वाटलं की मी फोन ढकलून द्यायला विसरले. मग पलीकडे नळ सुरू झाला तो ऐकला. ताटलीवर ताटली ठेवल्याचं ऐकलं. शेजारच्यांचं कुत्रं भुंकलं. आई बोलत असणार, कारण आई फोनवर गप्प बसतच नाही. मी आई आई करून ओरडत होते आणि पलीकडे नुसता नळ वाहत होता.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, तूसुद्धा?

खिडकीतून पाहिलं. दोनशे माणसं असतील. सगळे एकदम म्हणत होते, जेवलीस का ठकू.

ते मला ऐकू आलं. गाणं येत नाही, पण हे येतं. का, ते माहीत नाही.

१८ मार्च, सोमवार

खाली जाऊन त्यांना हात जोडले. वाईट माणसं नाहीत ती. एकाने मला उन्हातून सावलीत घेतलं, पाणी दिलं. तो ‘शेवटचा बाक’ निघाला. टक्कल पडलेला, भिडस्त, कुठल्याशा ऑफिसात कारकून. नऊ वर्षं भांडलेल्या माणसाला मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. मी म्हटलं, माझ्या आईचा आवाज परत द्या. तो ओशाळला. आम्ही मुद्दाम काही करत नाही, म्हणाला, कोणीतरी शेजारी बसून बोलावं तसं आपोआप कानात येतं. मग खालच्या मानेने म्हणाला, आणि खरं सांगू का, थांबवावंसं वाटत नाही. आई फार छान बोलते तुमची.

मागून कोणीतरी हळूच विचारलं, पुढे काय?

मी पळत आत आले.

२० मार्च, बुधवार

आईला मेसेज केला, मी बरी आहे, फोन करू नकोस, येऊ नकोस. मला वाटलं, निदान उरलेलं तरी वाचवावं. उरलेलं म्हणजे काय ते मलाही सांगता येणार नाही.

ती येणार. मला माहीत आहे. पाचवीच्या वर्गात कोणी दोन दिवस आलं नाही तर ती घरी जाऊन थडकायची.

बँडने आवराआवर सुरू केली. गायक वर येऊन माझ्या दारात उभा राहिला, काहीतरी बोलला. त्याचाही आवाज आला नाही. बरोबरच आहे, तोही लाडकाच. त्याने डोक्यावर हात ठेवला आणि गेला.

कट्ट्यावर बाईंनी घोषणा टाकली: अल्बमला आणखी थोडा उशीर होत आहे. खाली नऊशे प्रतिक्रिया. मी वाचल्या नाहीत.

२१ मार्च, गुरुवार

खाली फक्त काका. बाकी सगळे गेले.

रस्ता भरलाय — गाड्या जात नाहीत — कोणी हॉर्नसुद्धा वाजवत नाही.

मला भीती वाटते. आईच्या आवाजात ते एकमेकांना हाका मारतात. तहान लागली तर आईच्या आवाजात पाणी मागतात. सरावलेत. आधी शब्द तेवढे तिचे होते, आता घसाही तिचा. तो फाटका स्वर. शेवट वर उचललेला.

कानात कापूस घातला होता. काढला. लाज वाटते, पण — ऐकावंसं वाटतं.

२२ मार्च, शुक्रवार. सकाळ

आई आली.

गर्दीतून पिशवी सांभाळत आली. त्यांनी वाट करून दिली, वाकून नमस्कारही केले काहींनी. मला बघून तिचे ओठ हलायला लागले ते थांबेनात. मी कानाकडे बोट दाखवलं. ती रडली. तेही नुसतं दिसलं.

आणि मग बाहेरून — अर्ध्या क्षणाच्या अंतराने — काय अवस्था करून घेतलीस गं ही!

तीच बोलत होती. तिचे ओठ हलायचे, आणि शब्द रस्त्यावरून वर यायचे. मी खिडकी थोडी उघडली. नीट ऐकू यावं म्हणून.

दुपार

तीन तास बोललो. बाबांच्या गोष्टी, शाळेच्या. मी हसले. सहा दिवसांनी हसले. आईला कळत नाही मला कसं ऐकू येतंय. ती खिडकीकडे पाठ करून बसते. घरी चल म्हणाली. चल म्हटलं. बॅग भरली. मी ठीक होईन, तिच्याबरोबर असेन तर —

तीन वाजून दहा

आई पाणी पितेय. पेला ओठांना आहे.

बाहेर आवाज थांबला नाही.

ठकू, ती बॅग राहू दे. खाली ये.

आईने पेला ठेवला. माझ्या तोंडाकडे बघते. मी विचारलं, काय म्हणालीस? ती मान हलवते. मी तिला ही वही दिली. तिने खाली लिहिलं —

*मी काहीच बोलले नाही. खिडकी लाव.*

तिचंच अक्षर. फळ्यावरचं, गोल, सुबक. लावते. लावायला गेले —

ठकू, तिचं ऐकू नकोस. मी इथे खाली उभी आहे. इतक्या लांबून आले आणि तू वरच बसलीस?

शेवट वर उचलला. अगदी तसाच.

आई हात धरून बसलीय. घट्ट. ओठ मिटलेले. ही बाई इतकी गप्प कधी — आई कधी गप्प बसते का? आई अशी —

हात तिचाच आहे. अंगठ्यावर खडूने पडलेली भेग — मला दिसतंय ते. मला कळतंय. पण हिच्यात आवाज नाही. आवाज खाली आहे.

तिने पेन धरलंय. ओढतेय. लिहू देत नाही —

ठकू. जेवायची थांबलेय गं मी.

आले, आई. एक मिनिट. ही हात सोडत नाही, बोटं एकेक करून सोडवावी लागतायत, शेवटचं एक राहिलं की मी —